‘हॅव’ कुठे पूर्ण ऐकू येतो आणि कुठे नुसता ‘व्’ उरतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्या इतरांनाही पुढचं कळेल. ब्रिटनमध्ये वॉर्डवर काम सुरू करून तुम्हाला दोन महिने झालेत. व्याकरण पक्कं आहे, परीक्षेत गुणही चांगले पडले होते. पण ड्यूटी बदलताना बाकीच्या नर्स भराभरा पेशंटची माहिती सांगतात, तेव्हा त्यातले ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ तुमच्या कानाला लागतच नाहीत. शिवाय या एका शब्दाचे इतके अर्थ कसे आणि कुठे कुठला धरायचा, हेही तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय. बहुतेक सगळे मराठी माध्यमातून आलेले, त्यांत नर्सही बऱ्याच. माझ्या अनुभवात तुमचे हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. ‘हॅव’ जिथे स्वतः काही अर्थ सांगतो तिथे तो पूर्ण उच्चारला जातो, आणि जिथे तो दुसऱ्या क्रियापदाला नुसता टेकू देतो तिथे आकसतो. म्हणजे उच्चारावरूनच अर्थ ओळखता येतो. फक्त कानाने काय शोधायचं हे माहीत असायला हवं.

वॉर्डवरचीच तीन वाक्यं घ्या. पहिलं: ‘ही हॅज हॅड हिज इन्शुलिन.’ दुसरं: ‘ही हॅज टू हॅव हिज इन्शुलिन.’ तिसरं: ‘ही इज टू हॅव हिज इन्शुलिन.’ पहिल्याचा अर्थ इन्शुलिन दिलंय, पुढच्या दोन्हींचा अर्थ अजून द्यायचंय. कागदावर फरक ढळढळीत दिसतो. बोलताना मात्र पहिलं होतं ‘हीज हॅडिज इन्शुलिन’, दुसरं ‘ही हॅस्टं हॅविज इन्शुलिन’ आणि तिसरं ‘हीज टं हॅविज इन्शुलिन’. हे तीन उच्चार मोठ्याने चार-पाच वेळा म्हणून बघा. (इथे ‘ज’ म्हणजे ‘जोर’मधल्या ज च्या जवळचा, पण जिभेचं टोक वर न टेकवता घासून काढलेला. आणि ‘टं’ म्हणजे ‘केलं’च्या शेवटी येतो तसा ‘अ’, त्याहूनही आखूड.) पहिल्यात ‘हॅज’चा नुसता ‘ज’ उरलाय, पण ‘हॅड’ खणखणीत आहे. दुसऱ्यात ‘हॅज’चा ह शाबूत आहे, पण शेवटचा ‘ज’ जाऊन ‘स’ झालाय. एकाच वाक्यात एकाच शब्दाची दोन रूपं आणि दोघांची वागणूक वेगळी. हे असं का, ते कळलं की बाकीचं सोपं जातं.

आधी अर्थाकडे वळू. आपल्या अडचणीचं मूळ असं की मराठीत ‘हॅव’ला एक क्रियापदच नाही. आपण ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणतो, ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतो, ‘तिला ताप आहे’, ‘घराला चार खिडक्या आहेत’, ‘त्याच्याजवळ पैसे आहेत’ असं म्हणतो. वस्तू आणि नातं यांना आपण वेगवेगळे प्रत्यय लावतो, आणि ताप तर माणसाकडे येतो तो ‘ला’ लावून. क्रियापद सगळीकडे ‘असणे’च. ‘बाळगणे’ हा शब्द आहे, पण भाऊ काही कोणी बाळगत नाही. इंग्रजीत या सगळ्याला एकच ‘हॅव’, आणि वाक्याचा कर्ता माणूस. ‘आय हॅव’, ‘शी हॅज’.

असं का, याचं उत्तर शब्दाच्या मुळात आहे. ‘हॅव’चा जुना अर्थ पकडणं, हातात धरणं. लॅटिनमध्ये पकडण्याला ‘कापेरे’ म्हणत, त्यावरून इंग्रजीत ‘कॅप्चर’ आणि ‘कॅप्टिव्ह’ आले. ‘हॅव’ त्याच मुळातला आहे. लॅटिनच्या क च्या जागी इंग्रजीत ह येतो, हा ठरलेला बदल आहे. शंभराला लॅटिनमध्ये ‘केंटुम’ आणि इंग्रजीत ‘हंड्रेड’, तसंच हे. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा नियम मांडला. गंमत अशी की लॅटिनमध्ये ‘असणे, बाळगणे’ यासाठी ‘हाबेरे’ असा हुबेहूब दिसणारा शब्द आहे, पण त्याचा ‘हॅव’शी काही संबंध नाही. तो ‘गिव्ह’चा भाऊबंद.

म्हणजे ‘हॅव’ हा मुळात हाताचा शब्द. हातात धरणं, मग जवळ असणं, मग घेणं, खाणं, पिणं, भोगणं, सोसणं अशी त्याची चाल आहे. ‘शी हॅड अ कप ऑफ टी’ म्हणजे चहा घेतला. ‘शी हॅड अ फॉल’ म्हणजे पडल्या. पेशंट पडला की तुमच्या वॉर्डवर ‘शी फेल’पेक्षा ‘शीज हॅड अ फॉल’ जास्त ऐकू येईल, कारण तिथे पडणं ही नोंद करायची घटना आहे. ‘हॅव अ वॉश’, ‘हॅव अ लाय-डाउन’, ‘हॅव अ लुक’ ही सगळी त्याच घराण्यातली. आणि ‘हॅव यू हॅड युवर बाउल्स ओपन?’ हा प्रश्न तुम्ही रोज ऐकत असाल. शब्दशः अर्थ लावायला गेलं तर माणूस चक्रावतो. त्याचा अर्थ एवढाच, ‘शौचाला झालं का?’

भूतकाळातला ‘हॅव’ही त्याच हातातून आला. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे’ अशा धाटणीचं वाक्य असे. पत्र हातात, आणि ते लिहिलेल्या अवस्थेत. हळूहळू जोर पत्रावरून लिहिण्यावर सरकला आणि ‘मी पत्र लिहिलंय’ असा अर्थ झाला. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. आपण ‘मी जेवलोय’ म्हणतो तसं ‘माझं जेवण झालंय’ही म्हणतो. जेवण माझं आणि ते झालेलं. ‘आय हॅव ईटन’ समजावताना मी वर्गात नेहमी हेच वाक्य देतो.

आता आपल्याकडची एक हमखास होणारी चूक. ‘आय ॲम हॅविंग टू सन्स.’ आपण असं का म्हणतो? माझं मत असं की ‘आहेत’ दिसलं की आपल्याला ‘ॲम, इज, आर’ आठवतं. शाळेत ‘करतो आहे’ म्हणजे ‘ॲम डूइंग’ हे इतकं घोटून घेतलेलं असतं की ‘आहे’च्या मागे ‘इंग’ आपोआप येतो. पण ‘जवळ असणं’ या अर्थाच्या ‘हॅव’ला ‘इंग’ लागत नाही, कारण ती क्रिया नाही, स्थिती आहे. घेणं, खाणं, सोसणं या अर्थांना मात्र बिनदिक्कत लागतो. ‘हीज हॅविंग लंच’ बरोबर, ‘शीज हॅविंग अ बेबी’ बरोबर. आणि म्हणूनच ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ हे वाक्य प्रसूती विभागात कोणी ऐकलं तर तुम्हाला जुळे मुलगे होणार आहेत असा अर्थ लावेल. ठरलेल्या गोष्टीलाही हेच रूप चालतं. ‘हीज हॅविंग हिज स्टिचेस आउट टुमॉरो’, उद्या टाके काढायचेत.

या शेवटच्या वाक्यात आणखी एक मेख आहे. टाके तो स्वतः काढत नाही, कोणीतरी काढणार आहे. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे केस कापून घेतले. शब्दांची जागा बदलून ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हटलं तर अर्थ ‘मी आधीच केस कापले होते’ असा होतो. करवून घेण्याच्या अर्थात वस्तू मध्ये येते. उच्चारही बघा. ‘कापून घेतले’मधला ‘हॅड’ पूर्ण ऐकू येतो, ‘कापले होते’मधला आकसून ‘आयड कट’ होतो. माझा पहिला मुद्दा इथे पुन्हा दिसतो.

आता आवाजाकडे, कारण तुमची खरी अडचण तीच आहे आणि पुस्तकांत ती दोन ओळींत उरकलेली असते.

मराठी नव्याने शिकणाऱ्या माणसाला ‘जेवलो आहे’ शिकवलं आणि मग तो पुण्यात किंवा साताऱ्यात आला, तर त्याला ‘आहे’ कुठे ऐकू येईल? आपण ‘जेवलोय’ म्हणतो. ‘आलाय’, ‘केलंय’, ‘जायचंय’, ‘नकोय’. सबंध ‘आहे’चा एक ‘य’ उरतो आणि तो मागच्या शब्दाला चिकटतो. पण ‘डॉक्टर आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर देताना आपण ‘आहेत’ पूर्ण म्हणतो. आणि समोरचा ‘अजून केलं नाहीस?’ म्हणाला तर ठासून ‘केलं आहे!’ असं सुटं म्हणतो. ‘हॅव’ अगदी असाच वागतो. ‘आयव् डन इट’ म्हणजे ‘केलंय’. ‘हॅव यू डन इट?’ ‘येस, आय हॅव.’ शेवटी आलेला ‘हॅव’ पूर्ण, तिथे ‘आयव्’ चालत नाही.

तेव्हा आकसलेली रूपं अशी. ‘हॅव’चा होतो ‘अव्’ किंवा नुसता ‘व्’. ‘हॅड’चा होतो ‘अड्’ किंवा ‘ड्’. ‘हॅज’चं मात्र मागच्या आवाजावर ठरतं. मागे प, ट, क, फ यांसारखा कठोर आवाज असेल तर ‘स’, मागे स, श, च असेल तर ‘अज’, बाकी सगळीकडे ‘ज’. अनेकवचनाचा प्रत्यय लागतो त्याच चालीने. आणि इथेच तुमची फसगत होते. ‘द पेशंट हॅज हॅड हिज टॅबलेट्स’ हे वाक्य ‘द पेशंट्स हॅडिज टॅबलेट्स’ असं ऐकू येतं आणि आपल्याला वाटतं की पेशंट अनेक आहेत. गोळ्या एकाच पेशंटने घेतल्यात. वाक्यात पुढे ‘हिज’ येतो तो खूण म्हणून पकडायचा.

दुसरी फसगत ‘हीज’, ‘शीज’ची. हा ‘ज’ ‘इज’चाही असू शकतो आणि ‘हॅज’चाही. ‘शीज बिन डिस्चार्ज्ड’ आणि ‘शीज बीइंग डिस्चार्ज्ड’ ही जोडी कानात बसवा. पहिल्यात पेशंट घरी गेली, दुसऱ्यात तिचे कागद चाललेत. ‘बिन’ आला की ‘हॅज’, ‘बीइंग’ आला की ‘इज’. पूर्ण शब्द शोधायला कान लावू नका, तो तिथे नसतोच. त्याच्या पुढचा शब्द ऐका. ‘ड्’चंही तसंच. ‘आयड टेकन’मधला ड् ‘हॅड’चा, ‘आयड टेक’मधला ‘वुड’चा. ठरवतं कोण? पुढचं क्रियापद.

कुठे आकसत नाही तेही सांगतो. नकारात ‘हॅवन्ट’, ‘हॅजन्ट’ पूर्ण असतात. वाक्याच्या सुरुवातीला ह सहसा टिकतो. आणि खाणं, घेणं, सोसणं, करवून घेणं अशा अर्थाने आलेला ‘हॅव’ कधी आकसत नाही. म्हणून ‘ही हॅड हॅड इनफ’ हे ‘हीड हॅड इनफ’ होतं. पहिला ‘हॅड’ फक्त काळ दाखवतो, तो गेला. दुसऱ्यात अर्थ आहे, तो राहिला. नुसत्या ‘जवळ असणं’ या अर्थाचा ‘हॅव’ जुन्या वळणाच्या ब्रिटिश बोलण्यात क्वचित आकसतो, ‘आयव् अ मीटिंग’ असा. आज तिथे बहुतेक जण ‘आयव् गॉट अ मीटिंग’ म्हणतात. ‘गॉट’ आला की ओझं त्याच्यावर जातं आणि ‘हॅव’ लहान व्हायला मोकळा होतो.

‘लागणे’ या अर्थाचा ‘हॅव टू’ या दोन्ही गटांत बसत नाही. त्यात सक्तीचा अर्थ आहे म्हणून ह जात नाही, पण तो ‘टू’ला इतका घट्ट चिकटलाय की दोघांचा मिळून एक शब्द झालाय. चिकटल्यावर संधी होतो. शाळेत आपण ‘विपद् + काल = विपत्काल’ घोकलेलं आहे. पुढे कठोर क आला म्हणून मृदू द चा कठोर त झाला, तो प्रथम व्यंजन संधी. इथेही तेच. पुढच्या कठोर ट मुळे व चा फ होतो आणि ‘हॅव टू’चं ‘हॅफ्टं’ होतं. ज चा स होतो आणि ‘हॅज टू’चं ‘हॅस्टं’ होतं. विपत्काल ज्याने पाठ केलाय त्याला हे नव्याने शिकवायची गरज नाही, फक्त आठवण करून द्यायची.

हा संधी फक्त सक्तीच्या अर्थात होतो, आणि त्याचा फार उपयोग आहे. वर्गात मी दोन वाक्यं उतरवून घ्यायला सांगतो. एक, ‘आय हॅफ्टं चेक’. दोन, ‘आय हॅव टू चेक्स’. पहिल्यात मला तपासावं लागेल, दुसऱ्यात माझ्याकडे दोन चेक आहेत. आकड्यातला ‘टू’ लांब असतो आणि त्याआधीचा व, व च राहतो. याहून बारीक जोडी: ‘व्हॉट डू यू हॅव टू ईट?’ व घासून म्हटला तर ‘तुमच्याकडे खायला काय आहे?’ असा अर्थ. ‘हॅफ्टं’ म्हटलं तर ‘तुम्हाला काय खावं लागतं?’, म्हणजे पथ्याचा प्रश्न. लिहिताना दोन्ही अक्षर न अक्षर सारखी. आपण भारतात ‘आयव् टू गो’ असंही बोलतो. इंग्रज माणसाच्या तोंडी ते फारसं येत नाही, तो ‘आय हॅफ्टं गो’ किंवा ‘आयव् गॉटं गो’ म्हणेल.

राहिला तुम्ही दिलेला नमुना, ‘यू शुड हॅव टोल्ड मी’. तुम्हाला ‘शुड टोल्ड मी’ एवढंच ऐकू आलं. मध्ये एक ‘अव्’ होता, ‘शुडव् टोल्ड’. हा ‘अव्’ इतका पुसट असतो की खुद्द इंग्रज मुलं ‘हॅव’च्या जागी चुकून ‘ऑफ’ (of) लिहितात, कारण बोलताना त्या दोघांचा उच्चार सारखाच होतो. अमेरिकेत तर शेवटचा व्ही जाऊन ‘शुडं’ उरतं. ‘टोल्ड’ असेल तर बिघडत नाही. ‘शुड’नंतर ‘टोल्ड’ सरळ येऊच शकत नाही, तेव्हा मध्ये ‘हॅव’ होता हे डोकं आपोआप भरून काढतं. पण ‘पुट’, ‘कट’, ‘सेट’ यांची रूपं बदलत नाहीत. ‘यू शुड पुट द बेड रेल्स अप’ ही सूचना आहे, पलंगाचे कठडे वर करा. ‘यू शुडव् पुट द बेड रेल्स अप’ हा ठपका आहे, वर करायला हवे होते, केले नाहीत. मधल्या पुसट ‘अव्’वर सगळं अवलंबून. अशा वाक्यांची वेगळी तालीम करा. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात दोन्ही रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी न बघता ऐका आणि कुठलं कुठलं ते लिहा.

बोलताना आपणही आकसावं का, हे बरेच जण विचारतात. माझं स्पष्ट मत आहे की हो, निदान ‘आयव्’, ‘हीज’ आणि ‘हॅफ्टं’ एवढं तरी जिभेवर बसवावं. इंग्रजांसारखं वाटावं म्हणून नाही. ‘आय हॅव गिव्हन इट’ असं शब्द सुटे करून म्हटलं की ऐकणाऱ्याला ते ‘दिलंय म्हटलं ना!’ असं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीला तिथल्या सहकारी सारखं ‘तू चिडलीस का?’ विचारायच्या, आणि ही बिचारी फक्त प्रत्येक शब्द नीट उच्चारत होती. ती ‘आयव् गिव्हनिट’ म्हणायला लागली आणि विचारणं थांबलं.

उच्चाराच्या दोन बारीक गोष्टी. ‘हॅ’मधल्या स्वराला आपल्याकडे ॲ हे खास अक्षर आहे, हिंदीवाले ‘हैव’ लिहितात. तेव्हा स्वराची काळजी नको. व मात्र जपा. मराठी व म्हणताना दात आणि ओठ जेमतेम शिवतात. इथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासून बाहेर सोडायची. तसं केलं तरच ‘हॅव’ आणि ‘हॅफ’ यांतला फरक समोरच्याला कळेल.

आता उद्याच्या ड्यूटीचं. वर दिलेली इन्शुलिनची तीन वाक्यं रोज दहा मिनिटं, पाठोपाठ, वेग वाढवत म्हणा. इन्शुलिनच्या जागी ‘स्कॅन’, ‘पेनकिलर’, ‘ब्रेकफस्ट’ घाला. कान तयार व्हायला काही आठवडे जातील. तोपर्यंत पेशंटची माहिती घेताना औषधाबाबत जराही शंका आली तर थांबवून विचारायचं, आणि विचारताना ‘हॅव’ वापरायचाच नाही. ‘सॉरी, गिव्हन ऑर ड्यू?’ एवढे चार शब्द. उत्तर एका शब्दात येईल, आणि ते औषधाच्या चार्टवर लगेच ताडून बघता येईल.